पाखरांची शेते

अहिल्याबाई होळकरांच्या दानधर्माचा विषय निघाला की आपण घाट, देवळे आणि धर्मशाळा मोजू लागतो. काशीचे विश्वेश्वर, वेरूळचे घृष्णेश्वर, सोरटी सोमनाथ. ही यादी लवकर संपत नाही. त्यांच्या दानाचा एक भाग मात्र दगडात उभा नसल्यामुळे नजरेतून निसटतो. बाईंनी पाखरांसाठी शेते विकत घेतली होती.

ही हकिकत कोणा भाविकाने रचलेली नाही. कंपनी सरकारचा सेनाधिकारी जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात ती दिली आहे. ग्रंथ १८२३ सालचा. बाई वारल्या १७९५ मध्ये. म्हणजे माल्कम माळव्यात माहिती जमवीत होता तेव्हा बाईंना पाहिलेली माणसे हयात होती. महेश्वरच्या आसपास औत चालू असता बाईंचा नोकर पाणी घेऊन येई आणि बैल थांबवून त्यांना पाजी, असे तो लिहितो. नदीतल्या माशांनाही बाईंच्या दयेचा वाटा मिळे. आणि त्यांनी खरेदी केलेल्या शेतांवर पाखरांचे थवेच्या थवे उतरत.

खरी गोम पुढेच आहे. शेतकरी आपल्या पिकावरची पाखरे हाकलतो यात बाईंना गैर काही वाटत नसे. त्याचे पोट त्या दाण्यावर. त्याने हाकलणे न्याय्यच, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी कुणब्याला भूतदयेचा उपदेश केला नाही, की गोफणीला बंदी घातली नाही. हाकललेल्या पाखरांनी जायचे कोठे, एवढा प्रश्न स्वतःकडे घेतला आणि पैसे मोजून सोडविला.

बाईंचा जन्म १७२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या चोंडीचा. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. बाजरी दाण्यात आली की या मुलखात शेतात माळा घालतात, गोफण फिरते, पोरांचे हाकारे सुरू होतात. हे हाकारे बाईंच्या कानांत म्हातारपणापर्यंत राहिले असावेत. हा तर्क मी कादंबरीकाराच्या हक्काने करतो; इतिहासकारांनी तो खुशाल खोडावा.

अशा दयेला कोणी हसेल, हे माल्कमलाही ठाऊक होते. पण त्याने एका शहाण्या ब्राह्मणाचा सवाल नोंदविला आहे: बाईंनी याच्या दुप्पट पैसा फौजेवर खर्च केला असता, तर राज्य तीस वर्षे असे शांत राहिले असते काय?

पाखरे आणि पीक यांच्या तंट्यावर चीनच्या सरकारने १९५८ मध्ये अगदी उलटा तोडगा काढला. चिमणी धान्य खाते म्हणून सबंध राष्ट्र तिच्या मागे लावले. चिमण्या मेल्या, आणि ज्या किडी त्या वेचीत होत्या त्या पिकांत माजल्या. १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे घालण्यात आले!

आमच्या नागापुरात आज कारखाने आहेत. खळी गेली, दारात सूप घेऊन पाखडणे गेले आणि त्याबरोबर चिमणीचा आयता चाराही गेला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमणीसाठी पाळतात, ही वेळ अशीच आली. आता शेत विकत घेण्याची ऐपत कोणाची? परसापुरतेच बोलावे. ज्वारी-बाजरीची कणी टाकली की चिमण्या आणि होले येतात. बुलबुल तिकडे ढुंकून पाहात नाही. त्याला पिकलेली पपई किंवा पेरू हवा. सूर्यपक्ष्याला फुलातला मध लागतो, तो जास्वंदीवर आणि शेवग्यावर येतो. दयाळ किडे टिपतो. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना बहुतेक अळ्या-किडेच भरविते; तेव्हा एका हाताने दाणे टाकून दुसऱ्या हाताने झाडांवर औषध फवारणाऱ्या गृहस्थाकडे ती जेवून जाईल, पण तिची पिले उपाशी राहतील. मातीच्या उथळ परळात पाणी मात्र सर्वांनाच चालते.

मी परसाचा एक कोपरा खुरपीत नाही. पावसाळा सरता सरता तेथल्या गवताला बी धरते आणि मुनियांची टोळी त्यावर झोके घेत ते ओरबाडते. शेजारी या कोपऱ्याला मास्तरांचा आळस म्हणतात.