न आलेल्या रुग्णांचा शोध

जुलाबाची दहा मुले रुग्णालयात दाखल झाली. ती वीस मुलांच्या वाडीतली, की दोन हजार मुलांच्या गावातली? पहिल्या बाबतीत ती साथ आहे आणि लगेच विहिरीकडे धाव घ्यायला हवी. पण खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला हे कळणार कसे? आपण वर्गात अपूर्णांक शिकवतो, त्या भाषेत सांगायचे तर रुग्णालयात फक्त अंश दिसतो, छेद गावातच राहतो. शिवाय जे रुग्ण आलेच नाहीत, ते अंशातही नसतात.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा छेद दाखवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न चीनमध्ये झाला. जॉन ग्रँट हे कॅनेडियन मिशनरी कुटुंबात, चीनमध्येच जन्मलेले डॉक्टर. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवताना त्यांनी 1925 साली शहराचा एक भागच विद्यार्थ्यांसाठी आरोग्यकेंद्र म्हणून निवडला. शिकायला जसे रुग्णालय लागते, तशी वस्तीही लागते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे विद्यार्थी सी. सी. चेन 1932 मध्ये हीच कल्पना तिंगश्येन या ग्रामीण भागात घेऊन गेले.

पुढे ग्रँट कलकत्त्याला आले. तिथल्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेने 1939 मध्ये हुगळी जिल्ह्यात सिंगूरला ग्रामीण आरोग्यकेंद्र उघडले. ग्रँट भोर समितीचेही सदस्य होते. या समितीच्या 1946 च्या अहवालाने डॉक्टरला ‘सामाजिक वैद्य’ करण्याचा आग्रह धरला आणि प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली. पेकिंगचे बीज असे आपल्याकडे आले. अंमलबजावणी मात्र रेंगाळली, हे सांगायला नकोच!

आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र ते नीट रुजले. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे नवा विद्यार्थी आधी आश्रमातल्या शिबिरात राहतो. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तिथे मुक्कामाला जाते. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. घरात माणसे किती, पाणी कुठून आणतात, मुलाचे वजन किती, लस टोचली का, हे सारे त्याने विचारायचे. एवढे तर कोणताही सर्वेक्षक करील. खरा फरक पुढे आहे. शिबिर संपले तरी विद्यार्थी त्याच घरी पुन्हा पुन्हा जातो. पहिल्या खेपेला ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारी आई तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांगते, की गोळ्या फडताळात तशाच आहेत, कारण त्या घेतल्या की मळमळते आणि मग निंदायला जाता येत नाही. औषधशास्त्राच्या पुस्तकात मळमळ असते, बुडालेली मजुरी नसते.

सरकारनेही 1977 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना आणली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यायची होती. ब्रिटनच्या मदतीने फिरत्या दवाखान्यांच्या मोठमोठ्या गाड्या आल्या, पण खेड्यातल्या रस्त्यांना त्या झेपेनात. आमच्या मते अडचण नुसत्या रस्त्यांची नव्हती. गाडी येते, रुग्ण गोळा होतात, संध्याकाळी गाडी परत जाते. हे चाकांवरचे बाह्यरुग्ण विभागच झाले, आणि जे घरातून बाहेर पडले नाहीत ते याही वेळी दिसले नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आणला. आता पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी संबंध ठेवायचा आहे. शिक्षकबंधूंनो, तुमचा एखादा माजी विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात असेल, तर सुट्टीत आल्यावर त्याला गुण विचारण्याआधी एवढे विचारा: तुझ्या घरांपैकी दवाखान्यात कधीच न आलेले कोण, आणि का?