रविवारी पवनारला



नात इटलीत शिकते. गेल्या शनिवार-रविवारी मैत्रिणींबरोबर रोम बघून आली. फोनवर म्हणाली, "आबा, पाय ठेवाल तिथे इतिहास आहे!" म्हटलं, बाई गं, आम्हाला त्यासाठी विमान लागत नाही, ऑटो पुरतो. आणि खरंच, पुढच्या रविवारी सौ.ला घेऊन पवनार गाठलं. वर्ध्याहून जेमतेम आठ-दहा किलोमीटर.

पवनारला लोक जातात ते विनोबांसाठी. धाम नदी, गांधीजींच्या अस्थी विसर्जित केल्या तिथली छत्री, ब्रह्मविद्या मंदिर... मी मात्र वर्गात वेगळं शिकवायचो. पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी. हा गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू, प्रभावतीगुप्तेचा मुलगा. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य त्याच्याच नावावर आहे. ज्या पाचव्या शतकात रोम दोनदा लुटलं गेलं (इ.स. ४१० आणि ४५५), त्याच शतकात आमच्या विदर्भाचा राजा मराठीच्या आजीच्या भाषेत रामाचा सेतू बांधत होता. (हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचो. पोरं हसायची.)

आता पुराव्याचं. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेले आहेत. अकराव्या वर्षाचा बेलोऱ्याचा तिथलाच. अठराव्या वर्षाचा चम्मकचा मात्र प्रवरपूरहून. म्हणजे मधल्या काळात राजधानी हलली. कुठे? पवनारला, असं डॉ. वा. वि. मिराशींनी मांडलं. नावातलं साम्य आणि पवनारला सापडलेली शिल्पं, हा त्यांचा आधार. त्या शिल्पांत त्यांना रामायणातले प्रसंग दिसले. आम्ही ते शिरसावंद्य मानलं.

एकदा नववीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला. "सर, ताम्रपटात पवनार असं लिहिलंय का?" नव्हतंच लिहिलेलं. मी म्हणालो, "मिराशींपेक्षा शहाणा झालास का? बस खाली." तो बसला. पुन्हा त्या वर्गात कुणी काही विचारलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर बातम्या यायला लागल्या. रामटेकजवळच मनसरला १९९८च्या सुमारास उत्खनन सुरू झालं, मोठं विटांचं देवालय निघालं आणि 'प्रवरेश्वर' नावाची मातीची मुद्राही मिळाली. हान्स बेकर या डच अभ्यासकाने प्रवरपूर मनसरलाच होतं असं मांडलं. आता बरेच जाणकार त्याच बाजूचे आहेत. पवनारलाही १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं होतं. गाव जुनं आहे, वाकाटकांच्या वेळीही नांदतं होतं, त्यात वाद नाही. पण राजधानी? बेकरांचं म्हणणं वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. किती पोरांना मी या उत्तराचे पुरते मार्क दिले असतील!

असो. आश्रमात भरत-राम भेटीच्या शिल्पापुढे बसलो. विनोबा १९३८ मध्ये पवनारला राहायला आले आणि तिथली जमीन खणताना हा दगड निघाला. त्याआधीच, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना, राम-भरत भेटीचं चित्र कुणी तरी काढावं अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. काहींच्या मते हा प्रसंग राम-भरताचा नाहीच. सौ. मात्र हात जोडून उभी होती. परतताना ऑटोत तिने विचारलं, "मग राजधानी इथे की तिथे?"

"तिथे असावी," मी म्हटलं. बोलायला जरा जड गेलं.

घरी आल्यावर नातीला शिल्पाचा फोटो पाठवला. खाली आधी 'प्रवरपूर' लिहिलं होतं. ते खोडून 'पवनार, वाकाटक काळ' एवढंच ठेवलं. तो नववीतला मुलगा आता पन्नाशीचा असेल. त्याचा पत्ता कुणाला माहीत असल्यास कळवा.