गणकयंत्राचा ताप

उन्हाळा लागला म्हणजे संगमनेरास ज्या तक्रारी दरसाल कानी पडतात त्यांत अलीकडे एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. पाण्याची ओरड जुनी. विजेच्या लपंडावाची तिच्या खालोखाल. नवी तक्रार अशी की, मुलाचा लॅपटॉप तापतो, त्यातील पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि खेळ ऐन रंगात आला असता यंत्र आपोआप बंद पडते. ह्यावर घरातील वडील मंडळींचा निकाल ठरलेला असतो : खेळ बंद करा. तीन वर्षांपूर्वी आम्हीही हाच निकाल दिला होता. तो चुकीचा होता असे पुढे आम्हांस कळून आले, आणि मग ह्या तापाची वंशावळ तरी पाहावी अशी इच्छा झाली. आम्ही इतिहासाचे अध्यापक, पदार्थविज्ञानाचे नव्हे. तथापि हा विषय निम्मा इतिहासाचाच आहे.

घडले ते असे. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास असता आमच्याकडे राहत होता. त्याच्या मातोश्रींनी, म्हणजे आमच्या ताईंनी, उसाच्या पैशातून त्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊन दिला होता. असली यंत्रे खेळासाठीच असतात अशी घरातील सर्वांची समजूत. चैत्रातील एका रात्री ते यंत्र बंद पडले. दुसऱ्या रात्री पुन्हा बंद पडले. आम्ही त्यास आळस, व्यसन आणि आईचे कष्ट ह्या तीन विषयांवर यथासांग व्याख्यान दिले व यंत्र पंधरा दिवस कपाटात कुलूपबंद केले. तो एवढेच म्हणाला, "मामा, तेव्हा मी खेळत नव्हतो, प्रकल्पाचे चित्र तयार होत होते." आमचा विश्वास बसला नाही. प्रकल्प मुदतीत गेला नाही, आणि त्याचे गुण कमी झाले ते झालेच.

गणित करणाऱ्या यंत्रास मुळात ताप का यावा? १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनियाक' हे गणकयंत्र लोकांपुढे आले, तेव्हा त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. ज्यांनी जुने रेडिओ पाहिले आहेत त्यांस ह्या नळ्यांची, म्हणजे व्हॉल्व्हांची, ओळख आहेच. नळीतील तार तापून लाल झाल्याखेरीज ती कामच करीत नसे. त्या यंत्रास दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे, आणि ती अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले 'टिफ्रॅक' १९६० साली कामास लागले. त्याचे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंनी केले. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. ह्या यंत्रास एक जोड अशी होती की, गणिताचे उत्तर आलेखाच्या व अक्षरांच्या रूपाने एका काचेच्या पडद्यावर उमटविता येई. आमच्या भाच्याच्या ग्राफिक्स कार्डाचा महाराष्ट्रातील पूर्वज शोधावयाचा तर तो येथे सापडतो.

१९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टराचा शोध लागला आणि तापलेल्या तारेची गरज संपली. आता उष्णतेचा प्रश्न मिटला असे वाटावे. पण तो मिटला नाही, केवळ लहान जागेत कोंडला गेला. गॉर्डन मूर ह्यांनी १९६५ साली जो प्रसिद्ध लेख लिहिला त्याचा पुढे 'मूरचा नियम' झाला. एका चकतीवरील घटकांची संख्या कशी वाढत जाईल एवढेच लोकांनी त्यातून उचलले. परंतु त्याच लेखात, इतक्या घटकांची उष्णता काढून घेता येईल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता, आणि चकती सपाट असल्याने ती जमेल असे आशादायक उत्तरही दिले होते. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या आशेस शास्त्राचा आधार दिला. घटक लहान करीत असता विजेचा दाबही त्याच प्रमाणात कमी करावा, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक घटक बसवूनही ताप वाढत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील तीस वर्षे सर्व जग ह्या हिशेबावर चालले. मग मात्र दाब आणखी कमी करणे अशक्य होऊ लागले, कारण अतिसूक्ष्म घटक बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. २००४ साली इंटेलने चार गिगाहर्ट्झांचा पेंटियम आणण्याचा बेत सोडून दिला. वेग वाढविण्याची शर्यत तापापुढे हरली ती त्या सुमारास. तेव्हापासून एकास पळविण्याऐवजी अनेकांस बरोबर चालविण्याचा मार्ग निघाला, आणि ग्राफिक्स कार्ड हे तर ह्या मार्गावरील अग्रेसर होय. पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांचे रंग एकाच वेळी काढावयाचे म्हणजे हजारो कारकून एका दालनात बसविण्यासारखे आहे. प्रत्येकाचे काम थोडे, पण सर्वांचा श्वास मिळून दालन तापते.

१९९९ साली एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' बाजारात आणून 'जीपीयू' हे नाव रूढ केले, तेव्हा त्यास एक इवलासा पंखा पुरे. २००३ सालचे त्याच कंपनीचे एक कार्ड इतक्या मोठ्याने घोंघावे की, कंपनीच्याच माणसांनी त्याची थट्टा करणारे चलच्चित्र काढले. अशी विनोदबुद्धी कारखानदारांत क्वचित आढळते. २०२५ साली निघालेल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या मेजावरील कार्डाची भूक ५७५ वॅट आहे. त्याच नावाचे लॅपटॉपातील कार्ड मात्र साधारण दीडशे वॅटांवर थांबते. कारण ते वस्तुतः निराळे आणि लहान असते. दुकानात नाव वाचून जे पालक भुलतात त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

मोठ्या यंत्रांचे बरे असते. नगरच्या फराहबागेत निजामशहांनी तलावाच्या मधोमध महाल बांधला. त्याप्रमाणे पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' ह्या महासंगणकाच्या चकत्यांपर्यंत थेट द्रव खेळविला आहे. संगमनेराहून पुण्यास जाताना नारायणगाव लागते. तेथून जवळच खोडद येथे गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याकडे येणाऱ्या आकाशातील लहरींची जुळणी करण्यास ग्राफिक्स कार्डेच राबतात. मुलांच्या खेळासाठी जन्मलेले यंत्र तेथे दीर्घिकांचा कानोसा घेते, हे ऐकून आम्ही आमच्या व्याख्यानाबद्दल प्रथम ओशाळलो. परंतु तेथे जागा आहे; लॅपटॉपाचे बिऱ्हाड चाळीतील एका खोलीचे. दीडशे वॅटांची ऊब पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चकतीतून निघते, आणि तिला बाहेर जाण्यास दोन बोटे उंचीची वाट.

ही वाट ज्या युक्तीने काढली ती मोठी सुंदर आहे. चपट्या तांब्याच्या नळीत थोडेसे पाणी घालून हवा काढून घेतात. चकतीजवळच्या टोकास पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकास धावते, तेथे पंख्याच्या वाऱ्याने तिचे पुन्हा पाणी होते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून ते झिरपत परत येते. वाफ होताना पाणी उष्णता घेते व पाणी होताना सोडते, एवढेच रहस्य. समुद्रावरील बाष्पाने रतनगडावर पाऊस व्हावा व प्रवरा वाहावी, तसा हा प्रकार. प्रवरा परत पश्चिम समुद्रास जात नाही, एवढा उपमेचा पाय लंगडा. अमेरिकेत गॉगलर ह्यांनी १९४२ साली ह्या नळीच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. तो विस्मरणात गेला, आणि १९६३ साली लॉस अलामॉस येथे ग्रोव्हर ह्यांनी ती पुन्हा शोधून काढली. मूळ चिंता अंतराळयानांची होती.

ताप नुसता चढलेला वाईट नव्हे. चढ-उतार अधिक वाईट. पत्र्याचे छप्पर दिवसा फुगते व रात्री आकसते, त्याने खिळ्यांची भोके सैल होतात, हे सर्वांनी पाहिले आहे. सिलिकनाची चकती व तिच्याखालील पाया ही दोन्ही सारखी प्रसरण पावत नाहीत. त्यांमधील डाखाचे सूक्ष्म मणी ह्या ओढाताणीत तडकतात. २००७ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्सबॉक्स ३६०' ह्या खेळयंत्राच्या दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली. तेथील मूळ दुखणे असेच होते, असे त्या यंत्राच्या जनकांनी पुढे सांगितले. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानेही लॅपटॉपातील काही जुन्या चकत्यांच्या वेष्टनाचे साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरांचा खर्च जाहीर केला. त्या काळी पुष्कळ लोक मेलेले कार्ड स्वयंपाकाच्या भट्टीत भाजून जिवंत करीत. ते काही आठवडे जगे व पुन्हा मरे. भट्टीत विषारी धूर मात्र राही. हा उपाय कोणी करू नये.

आमच्या भाच्याच्या यंत्राचे दुखणे एवढे थोर नव्हते. पुढे एका कारागिराने ते आमच्यासमोर उघडले. पंख्यापुढील बारीक जाळीवरून त्याने चिमट्याने जे ओढून काढले ते नमद्याच्या तुकड्यासारखे होते. त्यात रस्त्याची धूळ होती आणि रंगीत तंतू होते. तंतू आमच्या गोधडीचे. मुलगा टेबलावर काम करी, पण रात्री चित्र तयार होण्यास तास-दोन तास यंत्र चालू ठेवून झोपे. आणि टेबल अडते म्हणून ते उचलून गोधडीवर ठेवणारे आम्ही. धूळ बसू नये म्हणून त्यावर विणलेला रुमाल पांघरणारेही आम्हीच. रेडिओवर, मिक्सरवर, दूरचित्रवाणीवर रुमाल घालण्याची आमच्या घराची रीत. ती ह्या यंत्राच्या नाकातोंडावर बसली.

कारागिराने जाळी साफ केली आणि चकती व तांबे ह्यांमधील वाळून खडखडीत झालेला लेप पुसून नवा लावला. पंख्यावर वारा मारताना त्याचे पाते बोटाने धरून ठेवले, नाही तर भरवेगाने फिरून त्याचा आस बिघडतो. पुढचे भाच्याने केले. पडद्यावर दर सेकंदास साठांहून अधिक चित्रे काढू नयेत असा त्याने यंत्रास निर्बंध घातला आणि चकतीचा वीजदाब किंचित उतरविला. विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब एकदशांशाने कमी केला तर खप जवळजवळ एकपंचमांशाने घटतो. एवढ्याने खेळ मंदावत नाही, असे तो म्हणतो. वैशाखात आमच्या दिवाणखान्यात पारा ३८ अंशांवर असतो. २३ अंशांच्या खोलीत जे यंत्र पंचाहत्तरावर राहील ते येथे नव्वदीस टेकणार. नव्वदीच्या आसपास चकती आपणच आपला वेग कमी करते व त्याहून फार वर गेल्यास यंत्र बंद होते. म्हणजे ज्यास आम्ही व्यसनाची शिक्षा समजलो तो यंत्राचा जीव वाचविण्याचा खटाटोप होता.

भाचा आता पुण्यास नोकरीस आहे. गेल्या मे महिन्यात चार दिवस आला तेव्हा तेच यंत्र बरोबर होते. त्याच्या मागील बाजूस वारा खेळावा म्हणून उंच असे काही हवे होते. आम्ही आमच्या कपाटातून १८८४ सालच्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियराची प्रत काढून दिली. "मामा, पुस्तक गरम होईल," तो म्हणाला. होऊ दे म्हटले.