विदूषकाचे मोदक

विनोदी पात्र निर्माण करणे अवघड खरे. परंतु एकदा लोकप्रिय झालेले विनोदी पात्र नीट सांभाळणे त्याहूनही अवघड आहे. गंभीर पात्रास त्याच्या प्रतिष्ठेचे कवच असते. रामाच्या तोंडी भलतेसलते वाक्य घालताना लेखकाचा हात आपोआप अडखळतो. विनोदी पात्रास असे कोणतेच संरक्षण नसते. ज्या लकबीस प्रेक्षक प्रथम हसले ती लकब लेखक दुसऱ्या खेपेस दोनदा वापरतो, तिसऱ्या खेपेस दहादा वापरतो. आणि अखेरीस माणूस नाहीसा होऊन लकब तेवढी शिल्लक राहते. वाईट याचे वाटते, की हा घात शत्रू करीत नाहीत. त्या पात्रावर लोभ असणारे लेखकच तो करतात.

अमेरिकेत 1989 साली सुरू झालेल्या ‘सिम्प्सन्स’ नावाच्या हलत्या व्यंगचित्रांच्या मालिकेमुळे या रोगास एक नावही मिळाले. तीत नेड फ्लँडर्स नावाचा एक शेजारी आहे. आरंभी तो सज्जन, टापटिपीचा, मदतीस तत्पर आणि श्रद्धाळू असा गृहस्थ होता, आणि त्याच्या सज्जनपणाचा त्याच्या आळशी शेजाऱ्यास हेवा वाटे, यातच खरी गंमत होती. पुढे वर्षे लोटली, लेखक बदलले, आणि त्याच्या अनेक गुणांपैकी श्रद्धाळूपणा तेवढा फुगत जाऊन बाकीचा गृहस्थ त्याखाली झाकला गेला. रसिकांनी या क्रियेस त्या बिचाऱ्याचेच नाव देऊन ‘फ्लँडरायझेशन’ असा शब्द रूढ केला. शब्द नवा आहे, रोग मात्र जुना आहे. आपल्या देशात त्याची साथ हजारावर वर्षांपूर्वी येऊन गेली, आणि तिला बळी पडलेल्या पात्राचे नाव विदूषक.

विदूषक म्हटला की आपल्यापुढे एक ठरीव मूर्ती उभी राहते. भरताच्या नाट्यशास्त्राने त्याला ठेंगणा, दातपुढा, कुबडा, टकला व पिंगट डोळ्यांचा असा वर्णिला आहे. जातीने ब्राह्मण असून तो बोलतो प्राकृत, भितो सावलीला, आणि त्याचे सारे चित्त मोदकांत. सुशिक्षितांपैकी पुष्कळांस विदूषकाविषयी एवढीच माहिती असते आणि एवढीच पुरे वाटते. परंतु जुन्या नाटककारांची नाटके उघडून पाहावीत, म्हणजे हे चित्र किती अपुरे आहे ते कळून येईल.

भासाच्या नावावर असलेली नाटके महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांनी 1912 पासून त्रिवेंद्रम येथे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांतील ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात विदूषक मोदकांसाठी एका वेड्याशी भांडतो आणि एक श्रमण मध्यस्थीस येतो. पाहणाऱ्यास वाटते, हा नेहमीचा खादाडपणा. पण तो वेडा म्हणजे वेषांतर केलेला प्रधान यौगंधरायण असतो, श्रमण म्हणजे दुसरा मंत्री रुमण्वान, आणि मोदकांच्या या भांडणाच्या आडून बंदिवान उदयनाच्या सुटकेचे खलबत चाललेले असते. विदूषकाची खादाडी येथे वेषासारखी आहे. वेषाच्या आत स्वामिभक्त माणूस आहे, आणि शत्रूच्या राजधानीत तो आपले प्राण पणास लावून उभा आहे.

‘स्वप्नवासवदत्ता’तील वसंतकही असाच. चौथ्या अंकाच्या प्रारंभी त्याला सुग्रास अन्नाचे अजीर्ण झालेले असते, आणि प्रेक्षक हसतात. त्याच अंकात तो राजास सहज विचारतो, की पूर्वीची वासवदत्ता अधिक आवडती की आताची पद्मावती? जवळच लतामंडपात त्या दोघीही बसलेल्या आहेत हे दोघा पुरुषांस ठाऊक नाही. साऱ्या नाटकाचे काळीज या एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न कवीने विदूषकाच्या तोंडी घातला आहे. कारण राजास असे विचारण्याची मुभा दुसऱ्या कोणास असणार? पुढे राजाच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा कमलपत्रात पाणी आणून देणारा, आणि काशपुष्पांचा पराग डोळ्यांत गेला असे सांगून राजाची लाज राखणाराही तोच.

कालिदासाने तर विदूषकास कथेच्या कळसूत्राजवळच बसविले. ‘मालविकाग्निमित्रा’तील गौतम सर्पदंशाचे सोंग करून राणीची मुद्रा मिळवितो आणि मालविकेस सोडवितो. शाकुंतलातला माढव्य वरवर पाहता निरुपयोगी दिसतो. पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्यंत त्याला राजधानीस परत धाडताना, शकुंतलेची गोष्ट ही केवळ थट्टा होती, असे सांगून ठेवतो. भोळा माढव्य ते खरे मानतो, आणि म्हणूनच राजास स्मृतिभ्रंश झाल्यावर आठवण करून देणारा कोणी उरत नाही. मृच्छकटिकातील मैत्रेय कुरकुरतो, भितो, चारुदत्ताच्या सुखाच्या दिवसांतील पक्वान्ने आठवून उसासे टाकतो. परंतु दारिद्र्यात सारे मित्र सोडून गेले तरी हा खादाड ब्राह्मण रिकाम्या घरात राहतो. नवव्या अंकात न्यायसभेत मित्राच्या कैवारासाठी शकाराशी झटापट करताना त्याच्याच काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात आणि निरपराध चारुदत्त सुळाच्या वाटेस लागतो. प्रेमापोटी केलेल्या आततायीपणातून झालेला हा घात पाहून हसावे की रडावे हे कळेनासे होते. अशा ठिकाणी विनोदी पात्र आपल्या पूर्ण उंचीस पोहोचते.

आता सातव्या शतकातील श्रीहर्षाचे ‘नागानंद’ पाहू. तिसऱ्या अंकात आत्रेय नावाचा विदूषक भुंगे टाळण्यासाठी वस्त्र पांघरतो, आणि एक मद्यपी विट त्याला आपली प्रेयसी समजतो. मग त्याची ओढाताण होते, जानवे तुटते, शेवटी दासी त्याच्या तोंडाला तमालरस फासून ते काळे करते. प्रवेश रंगतदार आहे, प्रेक्षक पोट धरून हसले असतील यात संशय नाही. पण हा प्रवेश गाळला तर नाटकाची एक वीटही हलत नाही; आणि जीमूतवाहन परक्यासाठी आपला देह गरुडापुढे ठेवतो तेव्हा त्याचा हा मित्र तेथे नसतो. मैत्रेय असता तर वधशिळेपर्यंत धावत गेला असता. विदूषकाचा वेष तोच, भूक तीच, भित्रेपणा तोच. हरवले आहे ते नाते.

एकदा नाते गेले की व्याख्याही तशीच होते. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त विदूषकाची ओळख ‘हसविणारा’ एवढ्या एका शब्दात उरकली. भवभूतीने तर आपल्या तिन्ही नाटकांत विदूषक घेतलाच नाही. कित्येकांस तो भवभूतीचा गंभीर स्वभाव वाटतो. आम्हांस वाटते, की मोडकळीस आलेली वस्तू घरात ठेवण्यापेक्षा ती मुळी न ठेवणे त्याने पसंत केले असेल.

परदेशातील एका लेखकाने मात्र या अन्यायाविरुद्ध आपल्या पात्रास प्रत्यक्ष बोलते केले. सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग 1605 साली निघाला आणि त्यातील सांचो पांझा हा सेवक घरोघरी लाडका झाला. 1614 साली आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणी भलत्यानेच दुसरा भाग छापला. पुढच्याच वर्षी सर्वांतेसने आपला खरा दुसरा भाग काढला. त्यात सांचोस कळते, की त्या दुसऱ्या पुस्तकात आपल्याला निव्वळ खादाड व नीरस करून टाकले आहे. आणि तो त्याबद्दल तक्रार करतो. याच भागात सर्वांतेसने त्या अडाणी सांचोस एका ‘बेटा’चा कारभारी करून त्याच्याकडून असे न्यायनिवाडे करविले, की त्याची फजिती पाहण्यास जमलेले लोक थक्क झाले. नक्कल करणाऱ्याने सांचोचे पोट पाहिले. जन्म देणाऱ्याने त्याचे डोकेही पाहिले होते.

आता आपल्या मराठीकडे वळू. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून पूर्वरंगात सूत्रधारासमोर विदूषक नाचत येऊ लागला. सूत्रधाराच्या जड भाषेची टवाळी करून देवादिकांच्या गोष्टी तो श्रोत्यांच्या ओसरीवर आणून ठेवी. पुढे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने रंगभूमीचे रूप पालटले, आणि त्या जुन्या विदूषकाचा वारसा नाटकातील विनोदी पात्रांकडे आला. गडकऱ्यांच्या एकाच लेखणीतून उतरलेली दोन पात्रे पाहिली तर आमचे म्हणणे स्पष्ट होईल. ‘प्रेमसंन्यासा’तील विसरभोळा गोकुळ इतका लोकप्रिय झाला की त्याचे नाव भाषेत म्हणीसारखे रुळले; पण लोकांच्या तोंडी राहिला तो विसरभोळेपणा, गोकुळ नव्हे. उलट 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याल्या’तील तळीराम आर्यमदिरामंडळात बसून कोट्या करतो, आपण हसतो, आणि सुधाकराच्या हातात पहिला प्याला देणारा हाच, हे आठवताच हसू घशात अडकते. तळीराम काढला तर नाटकच उरत नाही.

परंतु एकच विनोदी पात्र तीन दशकांच्या आसपास जिवंत ठेवण्याचा पराक्रम चिंतामण विनायक जोशी यांनी केला. 1892 साली जन्मलेले आणि 1963 साली निवर्तलेले हे गृहस्थ बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ इत्यादी पुस्तकांतून त्यांनी चिमणराव, त्याचा धट्टाकट्टा मावसभाऊ गुंड्याभाऊ, पत्नी काऊ आणि मुलेबाळे यांचा संसार मराठी वाचकांपुढे मांडला. त्या काळी सरकारी व निमसरकारी नोकरीवर जगणारा एक नवा वर्ग गावोगाव स्थिरावत होता. आमचे नाशिक रोडच घ्या ना! रेल्वेस्थानकाच्या आधाराने वाढलेल्या या वसाहतीत 1925 साली सिक्युरिटी प्रेस आणि 1928 साली नोटांचा छापखाना सुरू झाला. जेथे दिवसभर परक्यांच्या नोटा मोजायच्या आणि महिनाअखेरीस घरच्या पैशांचा मेळ बसवायचा, तेथे चिमणरावाची ओळख करून देण्याची गरजच काय? भित्रा, भिडस्त, वारंवार फसणारा, तरीही चारचौघांत प्रतिष्ठा सांभाळू पाहणारा तो कारकून प्रत्येक आळीत होता.

चिं. वि. जोशांनी त्याला वाचविला तो तीन उपायांनी. एक तर चिमणरावाच्या हाती त्यांनी लेखणी दिली. आपली फजिती तो स्वतःच सांगतो. आणि जो आपला मूर्खपणा इतक्या बारकाईने पाहू शकतो तो निव्वळ मूर्ख असू शकत नाही. दुसरे असे, की त्याचा भित्रेपणा गुंड्याभाऊच्या धाडसाशी आणि गुंड्याभाऊचा आडदांडपणा चिमणरावाच्या मवाळपणाशी त्यांनी कायमचा बांधून ठेवला, म्हणून एकाचाही गुण मोकाट सुटून फुगला नाही. तिसरे, त्यांनी त्याला काळाबरोबर चालू दिले. वधू पाहण्याच्या खटपटीत असलेला चिमणराव पुढे गृहस्थ होतो, बाप होतो, आणि प्रत्येक नव्या नात्याबरोबर त्याच्या फजितीसही नवा अर्थ येतो. 1940 साली ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात आणि पुढे 1970 नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर तो अवतरला, तेव्हा पुस्तकातील त्याची लेखणी साहजिकच मागे राहिली. परंतु घरातील नाती शाबूत होती, आणि म्हणूनच नव्या पिढीनेही त्याला आपला म्हटले.

कोणी म्हणेल, की लोकांस घटकाभर हसू आले म्हणजे झाले. पात्राच्या नात्यागोत्याची एवढी चिकित्सा कशास? चिकित्सा एवढ्यासाठी, की माणसापासून तुटलेली लकब हसण्यास सोपी जाते आणि हसणाऱ्यास कठोर करते. मैत्रेयास हसताना आपण एका मित्रास हसतो. तोंड काळे केलेल्या आत्रेयास हसताना आपण केवळ एकाच्या विटंबनेस हसतो. पहिल्या हसण्यात आपलाही वाटा असतो, दुसऱ्यात नसतो. तोतरा, बहिरा, लठ्ठ, खेडवळ अशा ठरीव सोंगांवर ज्या रंगभूमीचा आणि ज्या मालिकांचा विनोद चालतो, त्यांचे प्रेक्षक घरी गेल्यावर खऱ्या तोतऱ्यासही तसेच हसू लागतात. शिवाय राजास अवघड प्रश्न विचारण्याची मुभा ज्या एकास होती, त्यालाच निव्वळ खादाड करून सोडले, तर तो प्रश्न पुढे विचारणार कोण?

म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या कथांचे, नाटकांचे वा व्यंगचित्रांचे जे लेखक दुसऱ्याने घडविलेले पात्र हाती घेतात, त्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे पात्र काढून टाकले तर कथेत भोक पडेल काय? आणि यास कोणावर प्रेम आहे? दोन्ही प्रश्नांस उत्तर असेल, तर विदूषकाने खुशाल मोदक खावेत. ते कितीही खाल्ले तरी प्रेक्षकांस त्यांचे अजीर्ण होणार नाही.