पोलादपूरचा कातळ आणि चंद्राची माती

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला कधी गेलात, तर रस्त्याकडेचे कातळ नीट बघा. सगळे काळेच. पण भूवैज्ञानिकांच्या लेखी इथे खालून वर तीन वेगळे गट आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. (हो, आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत असतं!) नुसत्या डोळ्यांना हा फरक फारसा कळत नाही. १९८५ मध्ये कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या परिसरातले थर लावले ते मुख्यतः रसायनावरून. पोलादपूर गटात बेरियम जास्त, कारण तो लाव्हा वर येताना जुन्या भूकवचाचे अंश घेऊन आला. आंबेनळी गटात ही भेसळ सगळ्यात कमी.

असल्या कामाचं नेहमीचं यंत्र म्हणजे एक्सआरएफ. दगडाची पूड करायची, तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं. ही शिस्त मोझलीने १९१३ मध्ये दाखवली.

आता हेच चंद्रावर करायचं, तर ना पूड करायला माणूस, ना भरपूर वीज. मग किरणांचा स्रोतच किरणोत्सर्गी घ्यायचा. सप्टेंबर १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ ने क्युरियमचे अल्फा कण मातीवर सोडले आणि उलटे फिरणारे कण मोजले. अँथनी तुर्केविच यांच्या या उपकरणाने सांगितलं की ही माती बेसॉल्टसारखी आहे, म्हणजे आपल्या घाटाच्या जातीची! १९६९ मध्ये अपोलो-११ ने दगड आणले, तेव्हा ते खरं ठरलं.

चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस त्याच घराण्यातलं. अहमदाबादच्या पीआरएलने बनवलेलं. त्यातही क्युरियमच, पण इथे प्रामुख्याने मोजले ते मातीतून निघणारे क्ष-किरण. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये २३ मोजमापं झाली. उत्तर मात्र वेगळं आलं: बेसॉल्ट नव्हे, अॅनॉर्थोसाइटशी जुळणारी माती. एकेकाळी चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच झालं, या कल्पनेला त्याने बळ मिळालं.

इथे एक गोष्ट थांबून समजून घ्या, कारण मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. महाडची लाल माती एक्सआरएफला दिली तर खालच्या बेसॉल्टचं रसायन मिळेल का? नाही. पावसाने सिलिका, कॅल्शियम धुवून नेलेलं असतं. लोह नि अॅल्युमिनियम मागे उरतं. चंद्रावर पाऊस नाही. तिथली माती म्हणजे उल्कांनी कुटलेला खडकच, म्हणून मातीवरून खडक ओळखता येतो. पण उल्का मातीची सरमिसळही करतात. प्रज्ञानच्या मोजणीत मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. ते कुठून आलं? २०२४ च्या निबंधात लेखकांनी बोट दाखवलं सुमारे ३५० किलोमीटरवर कड असलेल्या साउथ पोल-एटकेन या प्रचंड विवराकडे. त्या आघाताने खोलवरचा माल उडून इथवर पसरला असावा.