आत काय आहे, आत कोण आहे?

१४ एप्रिल म्हटले की सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर निळे झेंडे येतात. बाबासाहेबांच्या जयंतीच्या त्या गर्दीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. त्याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत जवान रांगेत उभे राहून स्तब्धता पाळतात. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. आम्ही शाळेत असताना एकदा बंबवाले आले होते. लाल बादली, वाळू, नळकांडे, फेसाचा फवारा, सगळे दाखवून झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण हीच तारीख का, हे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ही तारीख मुंबईच्या गोदीतून आलेली आहे. साल १९४४. महायुद्ध सुरू होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. बॉम्बगोळे, सुरुंग, पाणतीर. शिवाय लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा. कराचीत जी जागा मोकळी झाली तिथे ८,७०० कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार भरले गेले. कापूस खाली, दारूगोळा वर.

सोलापूरच्या माणसाला कापसाची गाठ म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी जुन्या गिरणीत, नाही तर मागावर राबले, त्यांना ठाऊक असते की दाबून बांधलेली गाठ भडकत नाही, धुमसते. ठिणगी आत शिरली की वरून काही दिसत नाही. वर पाणी मारले तरी ते गाठीच्या पोटात पोहोचत नाही. तास दोन तास सगळे शांत वाटते आणि मग दुसऱ्याच बाजूने धूर येतो. तेलाचा हात लागलेली गाठ तर आणखी वाईट.

१४ तारखेला दुपारी, साधारण दोनच्या सुमारास, जहाजाच्या दोन नंबरच्या तळघरातून धूर निघताना दिसला. जहाजावरचे लोक, गोदीचे बंब आणि मुंबईचे अग्निशमन दल कामाला लागले. ९०० टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. ओतलेले पाणी जहाजात उकळू लागले. जहाज ओढून खोल पाण्यात न्यावे की तिथेच बुडवावे, यावर गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, जहाजाचा कप्तान आणि अग्निशमन दलाचे अधिकारी बोलत राहिले. निर्णय कुणा एकाच्या हातात नव्हता. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले आणि १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. हातात होज धरलेले, शिडीवर चढलेले, धक्क्यावर उभे असलेले. मृतांचा एकूण आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगितला जातो. तो कमीच असावा असे मला वाटते, कारण गोदीतल्या रोजंदारीवरच्या हमालांची नावे कोण लिहून ठेवत होते? कोकणातले मुसलमान खलाशी, घाटावरून पोटासाठी आलेली माणसे, मांडवी आणि डोंगरीच्या चाळीतली कुटुंबे, यांच्यावर पेटत्या कापसाच्या गाठी आकाशातून पडल्या. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग विझायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला सुमारे ८ हजार माणसे सात महिने राबत होती. युद्धकाळ असल्यामुळे सरकारने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्यापर्यंत थांबावे लागले.

सोन्याच्या विटा कुणाच्या घरात पडल्या, याचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. ६६ जणांबद्दल विचारले तर बहुतेकांना आकडाही ठाऊक नसतो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे.

पुढे चौकशी झाली. तिने काढलेल्या चुका वाचताना मी दर वेळी एका गोष्टीपाशी अडखळतो. दारूगोळ्याखाली कापूस ठेवला. धोक्याचा माल असल्याचे सांगणारा लाल झेंडा जहाजावर लावला नाही. स्फोटके उतरवायला उशीर केला. आग दाबण्यासाठी वाफेचा वापर केला नाही. अग्निशमन दलाला कळवायला वेळ लावला. यातली एकही चूक होज धरणाऱ्याची नाही. तो आला तोपर्यंत बहुतेक चुका होऊन गेल्या होत्या आणि त्यांची किंमत मात्र त्याने मोजली. लाल झेंडा म्हणजे काय? येणाऱ्या माणसाला लांबूनच कळावे की आत काय आहे. बस, इतकेच.

आपल्या शहराच्या इतिहासात आग म्हटली की १९३० आठवते. मे महिन्यात चौक्या आणि कोर्ट जळाले, मग मार्शल लॉ आला आणि शेवटी १२ जानेवारी १९३१ रोजी कुर्बान हुसेन, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. ती आग आपण विसरलो नाही, विसरूही नये. पण रोजच्या आगी, कारखान्यातल्या, चाळीतल्या, गोदामातल्या, त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. त्या पेपरात दोन दिवस राहतात.

आगीच्या जागी अधिकाऱ्याने नेमके काय करायचे असते? लोकांना वाटते, त्याने सगळ्यांच्या पुढे आत शिरावे. जुना मानही तसाच होता. लंडनच्या दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवूड हा आधुनिक अग्निशमनाचा पायाच घालणारा माणूस. १८२४ मध्ये त्याने एडिंबरोत दल उभे केले आणि नंतर लंडनचे. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली. आत ताग, कापूस, साखर. गोदामांमधले लोखंडी दरवाजे बंद ठेवायचे असतात, ते उघडे राहिले होते. आपल्या थकलेल्या माणसांची विचारपूस करत ब्रेडवूड फिरत होता आणि भिंत त्याच्यावर कोसळली. आग दोन आठवडे धुमसत राहिली. लंडनमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी इतिहासात नोंदली गेली आहे.

दीडशे वर्षांनी हेच मुंबईत घडले. ९ मे २०१५, काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत पेटली. रहिवासी बाहेर काढले गेले. दलाचे अधिकारी आत असताना इमारत ढासळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजले होते, पुढच्या काही दिवसांत दोघांचाही रुग्णालयात मृत्यू झाला. एका आगीत दलाचे वरचे नेतृत्वच संपले. त्याच्या दहा महिने आधी, जुलै २०१४ मध्ये, अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत जवान गच्चीवर अडकले, हेलिकॉप्टरने त्यांना उतरवावे लागले आणि एक जवान परत आला नाही.

या चौघांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. पण धैर्य आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे पहिलीचे कौतुक करून दुसरीची जबाबदारी टाळली जाते. प्रमुखाची जागा खरे तर अशी असते जिथून त्याला चारही बाजू दिसतात. आल्या आल्या इमारतीला एक फेरी मारायची. शेजाऱ्याला, वॉचमनला, पहिल्या भेटेल त्या माणसाला विचारायचे: आत काय आहे, आत कोण आहे? वीज तोडली का? पाणी कुठून येईल, किती वेळ पुरेल? भिंत पडलीच तर कुठवर येईल? इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळे ठेवावे, असा जगभरातला ठोकताळा आहे. आपल्या बोळांमध्ये दीडपट सोडा, एक बंबही नीट वळत नाही. आणि लाकडी पायऱ्या, तुळया किती वेळ तग धरतील याचा अंदाज घेऊन, आतल्यांना बाहेर बोलावण्याची शिट्टी वाजवायची. ही शिट्टी वाजवणे सगळ्यात अवघड. बाहेर नातेवाईक आक्रोश करत असतात, मोबाइलवाले शूटिंग करत असतात. माघार घेणारा अधिकारी भित्रा ठरतो.

१९५८ च्या जानेवारीत लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांना आग लागली. तळघरे म्हणजे भुलभुलैया. फोर्ट-वेल्स नावाचे स्टेशन ऑफिसर आणि त्यांचे सहकारी स्टॉकिंग आत वाट चुकले आणि परतले नाहीत. श्वसनयंत्राच्या सिलिंडरमध्ये हवा मोजकीच असते आणि आत किती जण आहेत याचा हिशेब बाहेर नीट नव्हता. त्यानंतर दाराशी एक फळा ठेवायची पद्धत पक्की झाली. आत जाणाऱ्याचे नाव, वेळ, सिलिंडरमधला दाब लिहायचा आणि तो कधी बाहेर यायलाच हवा हे काढायचे. वेळ टळली की त्याला शोधायला दुसरी जोडी जाते. एक फळा आणि एक माणूस. याला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते.

आता आपल्या दाराशी येऊ. १८ मे २०२५, रविवारची पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज सांगितला गेला. कारखान्याच्या आवारातच मालकाचे कुटुंब राहत होते आणि कामगाराचेही. आठ जण गेले, त्यात दीड वर्षाचे एक मूल. दोन्ही घरे आपल्याच बिरादरीतली होती, त्यामुळे त्या दिवशी शहरात कुणाच्या तरी मय्यतीला न गेलेला माणूस सापडणे कठीण. मी जनाजाच्या गर्दीत उभा होतो. मागे दोघे बोलत होते. एक म्हणाला, बंबवाल्यांनी उशीर केला. दुसरा म्हणाला, आत कोण झोपलंय हे त्यांना सांगणारंच कुणी नव्हतं, भाई. वाद तिथेच थांबला.

टॉवेलचा कारखाना आतून पाहिला असेल तर तो दुसरा माणूस काय म्हणत होता ते कळेल. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवतात, त्यासाठी खिडक्या बंद असतात. तुळईवर, पंख्यावर, वायरींवर कसर साचलेली असते. ती बारूदासारखी पेट घेते. कापडाचे ताके वाटेत रचलेले. सुतात कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर धूर आणखी विषारी. अशा धुरात माणूस बहुधा जळून नाही, गुदमरून मरतो आणि तेही झोपेतच. बाहेरून येणाऱ्या जवानाला काळी भिंत दिसते, त्यामागे खोली आहे की माल, जिना आहे की खड्डा, काहीच कळत नाही. १९४४ च्या जहाजावर लाल झेंडा नव्हता. इथे तो कुठे असतो?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. कायदा वाईट नाही. पण लहान कारखानदाराच्या लेखी तो एक कागद असतो, एजंट तो आणून देतो. आपल्या समाजातले अनेक जण याच धंद्यात आहेत, म्हणून हे आपल्यालाच बोलले पाहिजे. मजूर रात्री मशीनपाशी झोपतो कारण त्याला भाड्याची खोली परवडत नाही. मालक त्याच आवारात वर घर बांधतो कारण त्यालाही दुसरी जागा परवडत नाही. दाराला बाहेरून कुलूप लावले जाते कारण चोरीची भीती. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पण ते कारण रात्री साडेतीनला बंब घेऊन आलेल्या पोराला माहीत नसते.

माझ्या मावसभावाचा चार मागांचा छोटा कारखाना आहे. त्या मे महिन्यानंतर त्याने एक गोष्ट सुरू केली. रात्री पाळी सुटली की शटरशेजारच्या भिंतीवर तो खडूने आकडा लिहितो. आत तीन. आत पाच. ईदच्या सुटीत, शून्य. सकाळी पुसतो. शेजारचे आधी हसले. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा पलीकडच्या दोन शटरांवरही खडूचे आकडे दिसले. एकावर आकड्याखाली लिहिले होते, ‘मागचा दरवाजा उघडा आहे.’