बारका हाय, निजा

आमची आजी पाटण खोऱ्यातली. कोयनेचं पाणी अडलं आणि १९६२ नंतर घरातली उतरंड अधूनमधून आपोआप वाजायला लागली, असं ती सांगायची. आधी भुईतून घुरघुर, मग हादरा. त्या दोहोंतल्या सवडीवरून ती धक्का जोखायची आणि अंथरुणातूनच म्हणायची, ‘बारका हाय, निजा.’

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मात्र तेवढं म्हणायलाही उसंत मिळाली नाही. ६.३ तीव्रतेचा धक्का. कोयनानगर भुईसपाट झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. आमची म्हैस दावं तोडून पळाली ती धक्क्याच्या आधी की नंतर, यावर आबा आणि आत्या अजून भांडतात. पुढच्या कितीतरी रात्री खळ्यावर गेल्या. मार्गशीर्षातली थंडी, तीन दगडांची चूल, नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. (माडगं तेव्हा जसं लागलं तसं पुन्हा लागलं नाही, हे आत्याचं म्हणणं.) उतरंड आजीनं पुन्हा रचलीच नाही.

पावसाळ्यात धरण भरलं की धरणी कुरकुरते, हे तिचं ठाम मत. शिकलेले काका हसायचे. पण नोंदी तपासल्यावर शास्त्रज्ञांनाही तेच दिसलं: पाणी चढलं की काही काळानं धक्के वाढतात. आजीला वाटायचं, सगळा दोष ओझ्याचा. ते अर्धंच खरं. तिथली जमीन मुळातच ताणलेली; पाणी खोल भेगांत मुरतं, आतला दाब वाढतो आणि इतका वेळ एकमेकींना धरून बसलेल्या कडा सरकतात.

आजी ज्यांना हिशेबात धरत नव्हती, ते बारके धक्केच अभ्यासकांना हवे असतात. पहिली लाट आणि दुसरी लाट यांत एका सेकंदाचं अंतर असेल, तर धक्क्याची जागा साधारण ८ किलोमीटरवर. चार ठिकाणच्या यंत्रांवरून ती नेमकी सापडते. असे हजारो ठिपके मांडले की वरून न दिसणारी भेग उमटते, माठातलं पाणी झिरपून तडा दाखवतं तशी. पहिल्या लाटेनं कुठलं यंत्र वर उचललं नि कुठलं खाली ओढलं, यावरून कडा कशा सरकल्या आणि ताण कुठल्या दिशेचा, तेही कळतं. कोयनेकडे त्या आडव्या घासत जातात. दक्षिणेला वारणेकडे एक बाजू खाली खचते. याच अभ्यासासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं आहे. वर काळा कातळ, सव्वा किलोमीटरखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक.

१९६७ साली मात्र यंत्रं मोजकीच होती. तुमच्या घरात ती पहाट पाहिलेलं कुणी असेल, तर भिंत कुठल्या अंगाला पडली, आवाज आधी आला की हादरा, एवढं विचारून लिहून ठेवा.